सत्तेचाळीस नंबरचा दगड

माणसाच्या जिभेला कशाकशाची चव कळावी, याला काही धरबंध नाही. आमच्या पडवीत सात वर्षं राहिलेल्या अण्णांना चुन्याची चव कळायची. पानाला लावायच्या चुन्याची नव्हे हो, ती तर सगळ्यांनाच कळते. जुन्या बांधकामातल्या चुन्याची. दोन दगडांच्या सांध्यातून नखानं खरवडून जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे, आणि वैद्यानं नाडी धरून सांगावं तसं सांगायचे, "ह्यात गूळ आहे. बेलफळाचा गर आहे. उडदाचं पीठ मात्र मिस्त्रीनं हातचं राखून घातलंय." आता इतक्या वर्षांनी त्यात गूळ कुठून राहणार? पण विचारायचं कुणी, आणि पडताळा घ्यायला चाटायचं कुणी?

ही सवय एकदा मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, भोवली. अण्णांचा एक पितळी पानाचा डबा होता. लोकांच्या डब्यात कात, सुपारी, लवंग असते. अण्णांच्या डब्यात एका खणात सुपारी आणि बाकीच्या खणांत चुन्याचे नमुने, बारीक कुटून ठेवलेले. देवळाचा, घाटाचा, पडक्या बुरजाचा, बंधाऱ्याचा. एका दुपारी मामंजींनी डबा ओढला, पान लावलं, तोंडात टाकलं. तेवढ्यात अण्णा परसातून आले आणि जागच्या जागी थिजले.

"कुठल्या खणातला चुना घेतलात?"

"ह्या मदल्या. का वो?"

"अहो, तो बंधाऱ्याच्या पायातला! बादशाहीच्या आधीचा!"

मामंजींनी जरा आणखी चावून बघितलं. "तरीच रंगंना. एवडा म्हातारा चुना रंगतोय कुटं?" आणि अंगणात थुंकले. अण्णा त्या थुंकीकडं इतक्या दुःखानं बघत राहिले की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आतून म्हणाल्या, "आता तेवडं टेपानं मोजू नका म्हंजे झालं."

मोजायचे हो ते, सगळं मोजायचे. बारीक चणीचा माणूस, उन्हातान्हात काळा कोट, आणि कोटाच्या उजव्या खिशात कातड्याच्या गोल डबीत गुंडाळलेली कापडी टेप. त्या ओझ्यानं कोट कायम उजवीकडं झुकलेला, आणि कोटाच्या मागं अण्णाही. गावात पाठीमागं त्यांना टेपवाले अण्णा म्हणत, तोंडावर नुसतं अण्णा. आमच्याकडंच जेवायचे. ताटात भाकरी पडली की आधी टेप बाहेर.

"काल साडेनऊ इंच होती. आज नऊच."

"माजी जीब किती लांब हाय ती बी मोजा एकदा," आत्याबाई म्हणायच्या.

ह्यावर अण्णांचं ठरलेलं उत्तर असे, "ऐकलेलं पाण्यावर, मोजलेलं दगडावर." दिवसातनं दहा वेळा तरी ते वाक्य यायचं. शेरडं हाकणारी पोरंसुद्धा एकमेकांना म्हणायला लागली होती.

मी लग्न होऊन आले तेव्हा पोरसवदा होते. माझं माहेर मेंढरांचं, सासर मेंढरं आणि थोडी शेती अशा दोन्हीचं. गाव मंद्रूपच्या अलीकडं, सीनेच्या काठावर. आमच्या भागात नदी म्हणजे चार महिन्यांची पाहुणी. फाल्गुन लागला की वाळू उघडी पडायची. पण आमच्या गावापाशी नदीत जुना दगडी बंधारा होता, त्याच्या पोटाला मात्र ज्येष्ठापर्यंत पाणी टिकायचं. त्याच पाण्यावर दोन्ही काठांच्या विहिरींना पाझर, त्याच पाण्यावर चार गावांची मेंढरं. कुणी बांधला, कधी बांधला, कुणी विचारायचं नाही. नदी जशी होती तसा बंधारा होता.

विचारलं ते ह्या परक्या माणसानं. अण्णा सोलापुरात पाटबंधाऱ्याच्या कचेरीत नकाशे उतरवायच्या कामावर होते. जुन्या नकाशावर पातळ कापड ताणायचं आणि रेघ न रेघ गिरवायची, एवढंच काम. असंच गिरवताना आमच्या गावाशेजारी नदीवर एक आडवी रेघ आली आणि तिच्यापाशी इंग्रजीत लिहिलेलं आलं, मोडका बंधारा. आता दुसरा कुणी असता तर तेही गिरवून विसरून गेला असता. हे आले एका रविवारी सर्व्हिस मोटारीनं मंद्रूपला, तिथून चालत, आणि बघतात तर बंधारा धडधाकट. एक चिरा ढळलेला नाही.

सोमवारी जाऊन साहेबाला म्हणाले, नकाशा चुकलाय, दुरुस्त करा. साहेब म्हणाला, "तुम्ही गिरवायचं, वाचायचं नाही." 'मोडका' ह्या एका शब्दापायी त्यांनी दोन वर्षं अर्ज केले, आणि तिसऱ्या वर्षी नोकरीच सोडून गावात आले. पेन्शनीला चार वर्षं राहिली होती हो! बायको आधीच गेलेली, एकुलती एक लेक जेऊरला दिलेली, जावई तिथल्याच स्टेशनात. लेक पत्रांवर पत्रं धाडायची, बाबा इकडं या. हे उत्तर लिहायचे, 'काम चालू आहे. उत्तरेकडील बाजूचे मोजमाप बाकी आहे.'

बंधाऱ्यावर कधी वहाणा घालून चढले नाहीत. सकाळी गेले की आधी वाकून हात लावायचे, देवळाच्या पायरीला लावतात तसा. आणि तिथं त्यांचा एक सोबती होता. मेलेला. म्हणजे असं, की दगडावर पाथरवटाच्या टाकीचे घाव असतात ना, ते इतर दगडांवर डावीकडं कललेले आणि काही दगडांवर उजवीकडं. अण्णा म्हणायचे, हा एक पाथरवट डावरा होता. मग त्या डावऱ्याशी त्यांच्या गप्पा चालायच्या. "आज घाईत होतास वाटतं? कोपरा तसाच सोडलास?" आत्याबाईंनी एकदा विचारलं, "कोण होता वो हा तुमचा डावरा?" तर अण्णा म्हणाले, "कोण ते माहीत नाही. पण माणूस मनाचा चांगला होता. जिथं बायका पाय देणार, तिथले दगड त्यानं जरा खडबडीत ठेवलेत. घसरू नये म्हणून."

हे आत्याबाईंनी ऐकलं. दुसऱ्या दिवशीपासून अण्णांची भाकरी साडेनऊ इंचांची झाली. मी स्वतः बघितलंय.

मग एका उन्हाळ्यात अण्णांनी बंधाऱ्याच्या दगडांना नंबर घालायला घेतले. गेरू कालवून, बोरूनं, एकेका दगडावर ठळक आकडा. आता त्या बंधाऱ्याच्या गावाकडच्या टोकाला, ऐन पाण्याच्या कडेला, सात धुण्याचे दगड होते. बंधाऱ्याच्या अंगातच खाचा कोरलेल्या आणि त्या खाचांत सुटे चिरे बसवलेले, एकेक वीतभर जाडीचा. कुठला दगड कुणाच्या घराचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. आमच्या घराच्या दगडाला नंबर आला सत्तेचाळीस. गेरू ओला आहे हे कुणाच्या ध्यानात? मी मामंजींचं धोतर आपटलं, पिळलं, वाळवलं. दुसऱ्या दिवशी मंगळवार की बुधवार होता, मंद्रूपचा बाजार. मामंजी धोतर नेसून मेंढरं घेऊन गेले.

संध्याकाळी आले ते तोंड पाडून. मागच्या अंगाला, बरोबर बैठकीवर, तांबडा सत्तेचाळीस. आमच्याकडं विकायच्या मेंढराला गेरूनंच खूण करतात. अख्ख्या बाजारानं त्यांना गाठून विचारलं होतं, "काय मामा, मालकिणीनं तुमाला बी काडलं व्हय इकायला?" कुणी तर म्हणे दात बघायला तोंड उघडा म्हणाला.

मी दाराआड उभी. वाटलं, आता अण्णांची वळकटी अंगणात. आणि अण्णा काय करतायत? मामंजींच्या पाठीमागं उकिडवे बसून बघतायत. म्हणाले, "उलटा उमटलाय. साहजिकच आहे."

मामंजी असे हसले, असे हसले, की खाली बसले आणि पडवीच्या सारवणावर परत एक सत्तेचाळीस काढून ठेवला.

पण एक सांगते, त्या नंबरांनी माझं भलं केलं. मी शाळेचं तोंड बघितलेलं नाही. आकडे शिकले ते त्या दगडांवरून. धुणं धुता धुता शेजारणीला विचारायचं, तिला येत नसलं तर दुसऱ्या दिवशी अण्णा बंधाऱ्यावर मोठ्यानं मोजताना कान द्यायचा. एकपासून दोनशे बारापर्यंत मला यायला लागलं. दोनशे बाराला बंधारा संपत होता, म्हणून माझी विद्याही तिथंच संपली. अक्षरं पुढं केव्हातरी, वाणसामानाच्या पुड्यांच्या कागदांवरून.

असं सगळं चाललेलं असताना एके दिवशी नदीकाठी रिकाम्या बैलगाड्या येऊन उभ्या राहिल्या. मोजून अकरा. बरोबर पहारी, दोरखंड, आणि सोलापूरचा एक कंत्राटदार, जरीच्या टोपीचा. मोठ्या रस्त्यावर नवा पूल व्हायचा होता, त्याला घडीव दगड पाहिजे होता. खाणीतून काढायचा, घडवायचा, वाहायचा, त्यापेक्षा इथं आयताच होता की! मामंजी म्हणाले, "अवो, ह्यो आमचा बंधारा हाय." कंत्राटदारानं नकाशा पसरला. "बंधारा कुटं हाय? हितं काय लिवलंय बगा. मोडका. मोडक्याचा दगड उचलायची परवानगी हाय मला."

तोच नकाशा. अण्णांच्याच हाताची रेघ, अण्णांच्याच हाताचं अक्षर. बंधारा बघायच्या आधी गिरवलेलं. अण्णांनी ते बघितलं आणि त्या अक्षरावर बोट ठेवलं. आम्हाला आधी कळेना की झालं काय. मग हळूच म्हणाले, "हे मी लिहिलंय."

त्या दिवशी गावानं गाड्या अडवल्या, मेंढरंच आणून घातली बंधाऱ्यावर, पाचशे असतील. कंत्राटदार म्हणाला, "आट दिवसांनी येतो, पोलीस घेऊन येतो." अण्णा त्याच पावली सोलापूरला गेले. जुन्या देवळांची, इमारतींची राखण करणारं एक सरकारी खातं होतं, त्याचे साहेब तेव्हा फिरतीवर सोलापुरात आलेले. त्यांच्यापुढं उभे राहिले. साहेब भला माणूस. म्हणाला, "तुमच्या गावचा महादेवाचा घाट आमच्या यादीत आहे, त्याच्यावर साल कोरलंय. बंधारा घाटाच्या आधीचा असेल तर त्यालाही यादीत घेऊ, एका चिऱ्याला कुणी हात लावणार नाही. नंतरचा असेल, तर मला काही करता येणार नाही. पुरावा काय? चुन्याची चव सांगू नका."

अण्णांनी पुरावा शोधला तो असा. घाटाच्या खालच्या पायरीवर बायका धुणं धुतात, बंधाऱ्यावरही धुतात. धुऊन धुऊन दगडाला खळगा पडतो. घाटाचं वय ठाऊक आहे, त्याचा खळगा मोजायचा, बंधाऱ्याचा मोजायचा, आणि ताडून बघायचं. बंधाऱ्याचा जास्त खोल, तर बंधारा जुना. इतकं सोपं, की अण्णा येताना मोटारीत गाणं म्हणत आले म्हणे.

सबंध दिवस मोजत होते. परत आले, हातपाय न धुता पडवीत बसले. घाटाची पायरी पाच बोटं झिजलेली होती. बंधाऱ्यावरचे सातही दगड तीन बोटं, सव्वातीन बोटं, बस्स.

"म्हंजे?" मामंजींनी विचारलं.

"म्हणजे बंधारा घाटाच्या नंतरचा. शंभरसव्वाशे वर्षांनी तरी."

"मग सायबाला सांगा की सात बोटं हाय म्हनून! त्यो काय वाकून मोजनार हाय?"

"मोजलंय ते लिहिणार."

"अवो, गाव उपाशी मरंल! मेंढरं कुटं न्यायची? तुमच्या एका बोटानं..."

"मोजलंय ते लिहिणार," अण्णा परत म्हणाले. आणि मग मला आयुष्यभर पुरलं असं एक वाक्य बोलले. "एकदा न बघता लिहिलं, त्याच्या अकरा गाड्या आल्या."

त्यांच्या ताटातली भाकरी तशीच राहिली. टेपही बाहेर निघाली नाही.

मी चुलीपुढं. तव्यावर भाकरी करपली तरी ध्यान नाही. कारण मला ठाऊक होतं ते त्या दोघांना ठाऊक नव्हतं. गावातल्या एकाही पुरुषाला नव्हतं.

आमच्यात अशी रीत होती. धुण्याचा दगड चार बोटं झिजला की त्यात पाणी साचतं, कापड नीट आपटत नाही. घाटाची पायरी बांधलेली, ती तशीच राहते; पण बंधाऱ्यावरचा सुटा दगड चैत्रात पाणी उतरल्यावर बायका मिळून पालथा घालायच्या. हळदीकुंकू, नारळ, आणि पहारीनं उचलून उलटा. नव्या अंगावर पहिलं धुणं बाळंतिणीच्या घरचं, बाळोत्याचं. आणि हे पुरुषाच्या नजरेला पडायचं नाही, कानावर जायचं नाही, गेलं तर नदी आटते. आत्याबाईंच्या आजेसासूनंही नुसतं ऐकलेलं, की तिच्या कितीतरी पिढ्या आधी एकामागून एक सातही दगड पालथे घातलेले होते. म्हणजे अण्णांनी मोजलेल्या खळग्याच्या खाली, दगडाच्या पोटाशी, त्याच्या आधीच्या बायकांचा आख्खा एक खळगा झाकून ठेवलेला होता!

मी आत्याबाईंना म्हटलं, "सांगूया की."

"गप. त्वांड फुटलंय काय तुला? नदी आटंल."

"आत्याबाई, अण्णा काय परके हायती?"

"बाप्या हाय ना? मग झालं."

मी भांडी घासायला घेतली. तिसऱ्या वर्षाची सून, बोलणार तरी किती? पण सकाळी दोघी धुणं घेऊन गेलो, तर अण्णा बंधाऱ्यावर उभे. काही मोजत नव्हते. नुसते त्या डावऱ्याच्या दगडावर हात ठेवून उभे. आत्याबाईंनी पहिलंच लुगडं दगडावर टाकलं आणि तसंच राहू दिलं. म्हणाल्या, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "नदी आटंल म्हनून गप बसायचं. आन् बंधाराच गेला तर ती काय माज्यासाटी थांबनार हाय?" मग एकदम, "जा. तूच सांग. तुला सुचलंय. पर डोळ्यांनी बगायचं न्हाय म्हनावं."

मी पदर ओढून, पाण्याकडं तोंड करून, अण्णांना सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी सरळ बोलले. "अण्णा, तो दगड वरून मोजलाय. खालून मोजायचा राह्यलाय." आणि सगळी रीत सांगितली. त्यांनी मला दुसऱ्यांदा सांगायला लावलं, तिसऱ्यांदा लावलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांचा तो उजवीकडं झुकलेला कोट हळूहळू सरळ होत गेल्यासारखा मला वाटला.

"सूनबाई," म्हणाले, "ऐकलंय. आता मोजायला पाहिजे."

अण्णांच्या निरोपावरून खात्याचे साहेब आले त्या दिवशी सगळा गाव नदीवर. कंत्राटदारही आला, अकरा गाड्या लांब उभ्या. आत्याबाई नऊवारीचा काचा मारून पहार घेऊन पुढं झाल्या, मागं आम्ही आठदहा जणी. साहेबांनी शिपायांना खूण केली, दगड उचला म्हणून. आत्याबाईंनी पहार आडवी धरली.

"बाप्यांनी हात लावायचा न्हाय. बगायचं बी न्हाय. सगळ्यांनी पाटी करा."

"म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"त्या बाबळीकडं त्वांड करून हुबं ऱ्हावा. आमी सांगू तवा वळा."

मला वाटलं, आता साहेब चिडणार. पण त्यांनी अण्णांकडं बघितलं, आणि अण्णांनी आधीच पाठ केलेली होती. ज्या माणसानं त्या दगडासाठी घर सोडलं, भाकरी सोडली, तो बाभळीकडं तोंड करून, वर आणखी डोळे मिटून उभा! मग साहेब वळले. टोपीसकट. मामंजी वळले, शिपाई वळले. कंत्राटदार पुटपुटला, "हे काय लगीन लागतंय काय?" पण तोही वळला. सगळे बाप्ये रांगेनं बाभळीपुढं. आजही ते आठवलं की एकटीच हसते मी.

आम्ही हळदीकुंकू वाहिलं, सत्तेचाळीस नंबराच्या खाचेत पहार घातली. पहिल्या नेटाला हलला नाही. दुसऱ्याला चिखलानं चुक्‌ असा आवाज केला. तिसऱ्याला वर आला आणि खालून खेकडे पळाले. आम्ही तो पालथा केला, मी ओच्यानं चिखल पुसला.

खाली खळगा होता. मांडीवर धरलेल्या परातीसारखा, गुळगुळीत.

"वळा आता," आत्याबाई म्हणाल्या.

कंत्राटदारानं बघितलं आणि पहिला तोच बोलला, "ह्यात काय हाय? काल परवा कोरून ठिवला असंल कुनीबी."

"तर मग ये की," आत्याबाईंनी हातातलं ओलं लुगडंच त्याच्यापुढं धरलं. "हे घे, आपट. तुज्या नातवाच्या नातवापातुर आपट. बोटभर तरी खळगा पडतोय का बगूया."

साहेब हसायला लागले. अण्णा मात्र हसले नाहीत. दगडापाशी बसले. खळग्याच्या कडेला, जिथं धुणं पोचत नाही तिथं, एका कोपऱ्यात टाकीचे जुने घाव शिल्लक होते. उजवीकडं कललेले. त्यावर बोट फिरवून अण्णा इतक्या हळू बोलले की मला एकटीला ऐकू आलं, "अरे, तू इथंही होतास?"

मग टेप काढली. दुसरं टोक साहेबांच्या हातात दिलं. खळग्यावर पट्टी आडवी टाकली, खोली घेतली. साहेब म्हणाले, "चार बोटं, सरळ." अण्णांनी मान हलवली. "नाही. चार बोटांना एक सूत कमी. लिहा." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सगळ्या गावाचा जीव टांगणीला लागलेला, आणि हा माणूस सुताचा हिशेब सोडायला तयार नाही! मामंजींनी कपाळावर हात मारला.

पण वरचे तीन आणि खालचे चारला सूत कमी, मिळून घाटाच्या पाचाच्या किती पुढं गेलं ते आमच्या शेरडं हाकणाऱ्या पोरांनाही कळलं. साहेबांनी आणखी दोन दगड पालथे घालून बघितले. म्हणजे परत बाभळीकडं तोंड, परत वळणं. तिसऱ्या वेळेला तर ते सांगायच्या आधीच वळले. ते दोन्ही दगडही तसेच निघाले. गाड्या रिकाम्या गेल्या.

दगड मात्र आत्याबाईंनी लगेच होते तसे परत बसवायला लावले. अण्णा म्हणत होते, जुनं अंग वर राहू द्या, लोक बघतील. आत्याबाई म्हणाल्या, "पाळी आली न्हाय अजून. चार बोटं हुंद्यात."

वर्षभरानं नव्या नकाशाची प्रत आली. अण्णांनी ती पडवीत पसरली, बोट ठेवून आमचं गाव शोधलं. आडवी रेघ होती. शेजारचा शब्द नव्हता. बंधारा, एवढंच. नकाशाची घडी घातली. मग म्हणाले, "सूनबाई, उद्या जेऊरला निघतो. लेक वाट बघतेय."

टेप, कोट, पानाचा डबा, सगळं घेऊन गेले. मोजमापाच्या वह्या तेवढ्या ठेवल्या, बंधारा इथं तर वह्या इथंच पाहिजेत म्हणून. दोन पावसाळ्यांनी लेकीचं पत्र आलं. आत्याबाईंनी त्या दिवशी चूल पेटवली नाही. नऊ इंचांची भाकरी करायची का साडेनऊची, म्हणाल्या, आता विचारणार कोण?

वह्या उघडायला मला पुढं पंधरा वर्षं लागली. अक्षरं जुळवता यायला लागली तेव्हा. एकेका दगडाचं एकेक पान, लांबी, रुंदी, चुना, टाकी. सत्तेचाळीस नंबराच्या पानावर खाली रकाना होता, माहिती कुणाकडून मिळाली. बाकी पानांवर गुरवाचं, पाटलाचं, कुणाकुणाचं नाव. इथं अण्णांनी लिहिलं होतं, 'दगड क्रमांक ४७ वर धुणे धुणाऱ्या बाई. नाव विचारता आले नाही; ऐकून लिहिणे बरोबर वाटले नाही. बंधाऱ्याचे वय त्यांनी सांगितले, मी फक्त मोजले.'

तीनचार वर्षं एका घरात राहून त्यांना माझं नाव ठाऊक नव्हतं असं नाही हो. आत्याबाई दिवसभर हाका मारायच्याच की. पण माझ्या तोंडून त्यांनी ते ऐकलं नव्हतं.

आता गावात नळ आलाय. बंधाऱ्यावर धुणं न्यायचं म्हटलं की नातसुना हसतात. मीही काठी टेकत जाते ती नुसती बसायला. गेरू कधीच गेला, पण कुठला दगड आपला ते पायाला कळतं. डावऱ्यानं तो जिथं खडबडीत ठेवलाय तिथं अजून पाय घसरत नाही. परवा गेले तेव्हा बांगडीचा हात खळग्यात घालून बघितला. एक बोट, दोन, तीन, आणि त्याच्या खाली अर्धं. तीन बोटं होतं तेव्हापासूनचं हे अर्धं बोट आमचं, आत्याबाईंचं, माझं आणि माझ्या शेजारणींचं. शेजारी बसलेल्या नातसुनेला म्हटलंसुद्धा, बघ गं, साडेतीन झालं.

मग राहवलं नाही. परत हात घातला, नीट बसवला.

साडेतीनला एक सूत कमी आहे.